होम हिरवा, वरणात मीठ कमी

आमच्या घरी प्रत्येक गोष्ट दोनदा बोलली जाते. एकदा आई बोलते, एकदा बाबा.

"वरणात मीठ कमी झालं वाटते," आई म्हणते.

"वरणात मीठ कमी," बाबा म्हणते, आणि उजवा हात लांब करून दोन बोटं वरणाच्या गंजाकडे दाखवते. मग दोघंही आपापलं जेवत राहते. मीठ कोणीच आणत नाही.

"गॅस संपला."

"गॅस संपला."

"अजी, मंग सिलिंडर सांगा ना!"

"सिलिंडर सांगा."

आईचं म्हणणं असं आहे, की या माणसाले सांगणं आणि भिंतीले सांगणं सारखंच. भिंत तरी उलटून बोलत नाही.

पण बाबांचा दोष नाही. बाबा मालगाडीचे ड्रायव्हर होते. आता त्याले लोको पायलट म्हणते, पण पायलट म्हटलं की आमच्या वरठीत लोकं वर आभाळात पाहते, म्हणून मी ड्रायव्हरच म्हणते. इंजिनात दोघं जण असते. बाजूले बसलेल्या असिस्टंटले सिग्नल दिसला, की तो मोठ्यानं सांगतो, "होम हिरवा!" ड्रायव्हरनं ते ऐकायचं, आपल्या डोळ्यानं पाहायचं, हात दाखवायचा आणि परत म्हणायचं, "होम हिरवा!" होम म्हणजे स्टेशन येण्याच्या अगोदरचा सिग्नल. त्याचा घराशी काही संबंध नसतो. आमच्या घराशी मात्र आला. मागच्या वर्षी बाबा रिटायर झाले, हारतुरे झाले, सगळ्यांनी पेढे खाल्ले, इंजिन सुटलं. परत म्हणणं नाही सुटलं.

यात सगळ्यात जास्त फायदा माझा झाला. मले लहानपणापासून लोकांचे आवाज काढायची खोड आहे. स्टेशनवरची बाई, तुमसरच्या एसटीचा कंडक्टर, कॉलेजातल्या मॅडम, कोणाचाही. आईचा तर असा काढते की आई स्वतः फसते. मी मागच्या खोलीतून आईच्या आवाजात म्हणायची, "चहा झालाऽऽ!" ओसरीवरून बाबा म्हणायचे, "चहा झाला," आणि उठून सयपाकघरात यायचे. तिथे आई तांदूळ निवडत बसलेली. चहाचं पातेलं उपडं. मग दोघंही माझ्या नावानं ओरडायचे. तेव्हाही दोनदाच. पहिले आई, मग बाबा.

माझी मोठी बहीण मात्र कधी ओरडली नाही. ती नुसती माझ्याकडे पाहायची, माणूस इंजेक्शनच्या अगोदर कापूस पाहतो तसं.

ती नर्स आहे. म्हणजे माझी सिस्टर सिस्टर आहे. हा जोक मी तिले इतक्यांदा सांगितला की आता मी तोंड उघडलं की तीच म्हणते, "सिस्टर सिस्टर आहे, माहीत आहे, जा." नाकाडोंगरीच्या पलीकडे जंगलाजवळच्या एका गावात तिचं उपकेंद्र आहे. एक खोली दवाखान्याची, एक खोली तिची. नोकरी तिले सहज नाही लागली. दोन वेळा यादीत नाव नव्हतं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा ती कागद हातात धरून अंगणात अशी उभी होती, की मी तिचा आवाज काढायले गेली आणि मलेच काढता नाही आला. शनिवारी संध्याकाळी ती एसटीनं घरी येते, सोमवारी पहाटे जाते. ती सांगते की तिथल्या म्हाताऱ्या रविवारी दुसऱ्या कोणाले हात लावू देत नाही, सोमवारपर्यंत ताप धरून ठेवते. खरं-खोटं तापालेच माहीत.

तर एका रविवारी ताईले पाहायले पाहुणे आले.

भंडाऱ्याच्या बाजूले वैनगंगेच्या पलीकडचं गाव, तळ्याखाली धानाची शेती, घरी बैल नाही पण ट्रॅक्टर. पोराचं भंडाऱ्यात मोटरपंप दुरुस्तीचं दुकान. पोराचे वडील पुढे, पोरगा मागे. वडिलांच्या मिशा अशा, की चहा पितांना त्यांले मिशा एका हातानं वर धरा लागत होत्या. मी दारातून एकदा पाहिलं आणि त्यांचं नाव मिशीवाले ठेवलं. त्यांचं बोलणं पक्कं झाडीपट्टीतलं. 'डोळे' म्हणाच्या जागी 'डोरे'. पाच मिनिटांत माझ्या जिभेवर बसलं.

रीतीप्रमाणे ताई आणि पोरगा मागच्या अंगणात बोलायले गेले. मी रीतीप्रमाणे सीताफळाच्या झाडामागे कपडे वाळू घालायले गेली. एकच ओढणी होती, तीच चारदा घातली.

मग पोरगा म्हणाला, "तुमाले रात्री डिलिव्हरीले बोलावते, तं एकट्या जाता?"

"हाव. गाडी आहे माझी. स्कुटी."

"टॉर्च कोन्ता आहे?"

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. मी ओढणी तोंडात कोंबली.

"सेलचा का चार्जिंगचा?" त्यानं परत विचारलं. "चार्जिंगचा असन तं दगा देते. मी तुमाले एक बनवून देईन."

ताई हसली. बाहेरच्या माणसासमोर ती अशी हसते, हे मले माहीतच नव्हतं. त्याचं नाव मी तिथेच टॉर्चवाला ठेवलं आणि मनातल्या मनात त्याले पास करून टाकलं.

इकडे ओसरीवर मिशीवाले आणि बाबा बसले होते. आई आत आलूपोहे परतत होती. मी दारात येऊन उभी राहिली आणि समोरचं पाहून मले हसू आवरेना.

"आमाले कायी नको," मिशीवाले म्हणाले.

"कायी नको," बाबा म्हणाले.

"लगन साध्यात."

"साध्यात."

"धान चुरून झाले का मंग करू."

"धान चुरून झाले का." चुरणं म्हणजे मळणी.

मिशीवाले खूश झाले. इतका ऐकणारा माणूस त्यांले आयुष्यात भेटला नसेल. ते पुढे सरकले.

"आन् लगन झाल्यावर पोरीनं नोकरी सोडाची."

"नोकरी सोडाची," बाबा म्हणाले. वरून हात लांब करून दोन बोटंही दाखवली. समोर सिग्नल नव्हता. समोर मागच्या दारातून आत येणारी ताई होती.

"बस!" मिशीवाल्यांनी मांडीवर थाप मारली. "झालं! पाहुणे, तुमच्यासारखा मानूस नायी. काढा पेढे!"

पेढे त्यांच्याच पिशवीत होते. आई पोह्याच्या प्लेटा घेऊन बाहेर येईपर्यंत एक पेढा बाबांच्या तोंडात गेला होता. तोंडात पेढा असतांना बाबांले परत म्हणता येत नाही, म्हणून पुढचं काही ते बोललेच नाही. टॉर्चवाला ताईकडे पाहत होता. ताई बाबांकडे पाहत होती. मी अजूनही हसतच होती, आणि मग माझं हसू थांबलं, कारण ताईचा चेहरा पाहून कोणालेच हसता आलं नसतं.

पाहुणे गेले. ताईनं सगळ्या कपबशा धुतल्या. पुसल्या. फळीवर लावल्या. बाबांशी एक शब्द नाही. सोमवारची वाट न पाहता त्याच दुपारच्या एसटीनं ती निघून गेली.

बाबांले काहीच समजलं नव्हतं.

"इले काय झालं?"

"काय झालं?" आईनं पहिल्यांदाच बाबांचं वाक्य परत म्हटलं. "पोरीची नोकरी सोडून देल्ली तुमी!"

"मी? मी हो कधी म्हनलो?"

"म्हनले ना! सोडाची म्हनले! बोटंबी दाखवले!"

"अवं, ते मी परत म्हनलो. परत म्हनलं म्हंजे हो नाही होत. परत म्हनलं म्हंजे दिसलं."

"मंग काय दिसलं तुमाले?" आईनं झारा खाली ठेवला. "पोरगी समोरून येऊन राहिली होती. तिचं तोंड दिसलं?"

बाबा ओसरीवर जाऊन बसले. मी थोड्या वेळानं चहा घेऊन गेली. खरा चहा, मी स्वतः केलेला. बाबा रस्त्याकडे पाहत म्हणाले, "पाहाच्या अगोदर म्हनून टाकलं मी."

"काय बाबा?"

"इंजिनात असं केलं तं घरी बसवते. अख्ख्या नोकरीत एक लाल सिग्नल नाही तोडला मी. असिस्टंट झोपीत हिरवा म्हने, तरी मी पाहल्याबिगर नाही म्हनलो कधी. अन् आपल्या ओसरीवर तोडला."

मले एक जोक सुचला होता. मी तो चहासंगं गिळला.

चूक समजली तर मिशीवाल्यांले फोन करून सांगायचं, इतकी साधी गोष्ट. पण बाबा नंबर लावायचे, रिंग जायच्या अगोदर कापायचे. "पेढा खाल्ला ना बाप्पा," म्हणायचे. पन्नास-साठ डब्यांची मालगाडी थांबवणाऱ्या माणसाले एक पेढा मागे घेता येत नव्हता. तिकडे मिशीवाल्यांनी गावभर सांगून टाकलं. आमच्याच गल्लीतल्या एका काकूनं आईले विचारलं, "मोठीनं राजीनामा देल्ला म्हंते?" ताईचा फोन आईले यायचा, बाबांले नाही. बाबांनी विचारलं की आई सांगायची, "बरी आहे." बाबा म्हणायचे, "बरी आहे." दोघांलेही माहीत होतं की नाही आहे.

चौथ्या दिवशी बाबा भाजी आणायले बाजारात गेले आणि मोबाईल ओसरीवर विसरले. मी मोबाईलकडे पाहिलं. मोबाईलनं माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला आणि मिशीवाल्यांचा नंबर लावला.

"हाव, बोला पाहुणे!" तिकडून आवाज आला.

"पाहुणे," मी बाबांच्या आवाजात म्हणाली. बाबांचा आवाज काढणं कठीण नाही. इंजिनाच्या आवाजावर ओरडून ओरडून त्यांचा घसा कायमचा बसला आहे, फक्त हनुवटी खाली दाबायची. "एक सांगाचं होतं. आमची पोरगी नोकरी सोडनार नाही."

आणि बरोबर माझ्या मागून, अगदी माझ्याच, म्हणजे बाबांच्याच आवाजात, आलं:

"आमची पोरगी नोकरी सोडनार नाही."

मागे बाबा उभे. हातात भाजीची पिशवी. वाक्य कानावर पडलं, तोंडातून निघालं.

"हालो?" मिशीवाले म्हणाले. "पाहुणे, दोनदा काहून म्हनून राहिले?"

"फोन खराब आहे," मी म्हणाली.

"फोन खराब आहे," बाबा म्हणाले.

"अजी, मले तं डोस्क्यातच खराबी दिसते! मी रविवारी येतो. समोरासमोर बोलू."

"रविवारी."

"रविवारी."

मी फोन कापला. आता मार पडणार, असं वाटलं. बावीस वर्षांची झाली म्हणून काय झालं, भाजीच्या पिशवीत दोडके होते, लांब-लांब. पण बाबांनी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "कोन बोलून राहिलं होतं?"

"तुम्ही."

"मी काय म्हनलो?"

"ताई नोकरी सोडणार नाही म्हणून."

बाबांनी विचार केला. "बरोबर म्हनलो मी," ते म्हणाले, आणि फोन माझ्या हातातून घेऊन त्यांनी पहिल्यांदा ताईले लावला. "रविवारी ये," इतकंच म्हणाले. ताई काहीतरी बोलली. बाबांनी ते परत म्हटलं नाही. फोन ठेवल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "ती म्हने, यावेळी पाहून बोला."

रविवारी पाहुणे अकराले आले. ताईची एसटी यायची होती. शनिवारी रात्री एका बाळंतिणीसाठी तिले थांबा लागलं होतं. मिशीवाले ओसरीवर जाऊन बसले, टॉर्चवाला फाटकाजवळ गाडी लावत घुटमळत राहिला. मग त्यानं हळूच मले विचारलं, "एक विचारू? तुमचे बाबा परत परत काहून म्हनते?"

मी त्याले फाटकातच इंजिन करून दाखवलं. उजवीकडे असिस्टंट, डावीकडे ड्रायव्हर, दोन्ही मीच. "होम हिरवा! होम हिरवा! म्हणजे हो नाही, कबूल नाही. म्हणजे, तुले दिसलं ते मलेही दिसलं. समजलं?"

"म्हंजे त्या दिवशी ते..."

"हाव."

"आन् मी समजलो का ते मनातूनच हो म्हनून राहिले!" त्यानं गाडीच्या सीटवर हात मारला. मग खिशातून एक टॉर्च काढला, पाहिला, परत ठेवला. मी त्यावर जोक नाही केला. मलेही कधी कधी समजते.

ताई आली. रात्रीचं जागरण डोळ्यात, अंगावर तीच ड्युटीची साडी, एका खांद्यावर बॅग. आत जाऊन साडी बदल, असं आईनं खुणावलं. ती नाही गेली. ओसरीच्या खांबाजवळ उभी राहिली.

"तं पाहुणे," मिशीवाल्यांनी सुरुवात केली, "फोन तं झाला खराब. तोंडानं ठरवू. पोरीनं नोकरी सोडाची. ठरलं होतं ना?"

बाबांचे ओठ हलले. मले दिसले. हातही मांडीवरून उठायले लागला. तेवढ्यात सयपाकघराच्या दारातून आई ओरडली,

"लाल!"

आई एकतीस वर्षं ड्रायव्हरची बायको आहे. इंजिनातला एक शब्द तिच्या तोंडातून कधी निघाला नव्हता. उलट बाबांनी घरी सिग्नलचं काढलं की ती म्हणायची, ते तुमचं स्टेशनात ठेवा. बाबांनी आईकडे पाहिलं. मग ताईकडे पाहिलं. नीट, सावकाश, जसं चष्म्याच्या नंबरसाठी पाटीवरचं बारीक अक्षर पाहते तसं.

"लाल," बाबा म्हणाले, आणि त्यांचा हात खाली आला. "पाहुणे, मी थांबलो. त्या दिवशी पाहल्याबिगर बोललो, चुकी माझी. आता तिलेच विचारा."

मिशीवाल्यांनी आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. या घराले कोणता आजार आहे, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं.

ताईनं बॅग खाली ठेवली. "मी नोकरी सोडनार नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पाडलाही नाही. उपकेंद्रात गोळ्या सांगते तशी. सकाळी एक, रात्री एक, मी नोकरी सोडणार नाही.

"नोकरी सोडनार नाही," बाबा म्हणाले. दोन बोटं ताईकडे.

आणि मग मिशीवाल्यांच्या मागून, जिथून आतापर्यंत फक्त बशीचा आवाज आला होता, तिथून आलं:

"नोकरी सोडनार नाही."

टॉर्चवाला. त्यानं हातही केला. चुकीचा केला, चार बोटांचा, पण केला.

मिशीवाले गर्रकन वळले. "तू कायले म्हंतस बे?"

"दिसलं मले, बाबा."

"काय दिसलं?"

"तेच. जे तिले दिसते ते."

"आन् घरचं कोन पाहन? धानाचा रोवना कोन पाहन? तुवी माय एकटी मरते तिकडे बांधीत, चिखलात!"

हे खरंच होतं, आणि मिशीवाले ओरडले तरी शेवटचं वाक्य त्यांनी हळूच म्हटलं होतं. मले त्यांचा आवाज काढता येतो, पण ते वाक्य मी अजून कोणाले काढून दाखवलं नाही.

उत्तर ताईनं दिलं. "रोवन्याच्या दिवसात सुट्ट्या टाकीन मी. मले चिखलाचं भेव नाही, आमच्या मामाच्या शेतात, बांधीत उतरून रोवना केला आहे मी. बदलीचा अर्जबी देईन भंडाऱ्याकडे. भेटली तं रोजचं घर, नाही भेटली तं रविवारी येईन."

मिशीवाले बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. त्या साडीकडे, त्या बॅगकडे. चहा थंड होऊन गेला. मिशा वर धरायले उचललेला हात तसाच राहिला.

"रविवारी येईन," ते शेवटी म्हणाले. पुटपुटलेच.

त्यांच्या लक्षातही आलं नाही. बाबांच्या आलं. बाबा गालातल्या गालात हसले आणि मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडे पाहायले लागले. टॉर्चवाल्यानं खिशात हात घातला.

मले तिथे उभं राहणं शक्यच नव्हतं. मी आत पळाली, तोंडावर ओढणी दाबून, सयपाकघराच्या भिंतीले टेकून खाली बसली. आई दारातच उभी होती, पाठमोरी, डोळे पुसत बाहेर पाहत. तिच्या मागे गॅसवर कढई, कढईतून धूर.

"पोहे जळून राहिले," आई न वळता म्हणाली.

"पोहे जळून राहिले," मी म्हणाली.

बाहेरून बाबांचा आवाज आला, "पोहे जळून राहिले."

आणि कोणीच हललं नाही.